कोल्हापुरात नवीन आलोय, बाजार कुठं आणि मिसळ कशी खायची?

पुण्यासनं बदली होऊन राजारामपुरीत राहायला आलोय. काल एका ठिकाणी मिसळ मागवली तर पावाऐवजी ब्रेडच्या स्लाइस आल्या, चूक झाली का त्यांची? आणि भाजी, चटणी, गूळ कुठनं घेता सांगा, सध्या मॉलमधनंच चाललंय सगळं.

रंकाळाकर: चूक न्हाई भावा, हितं स्लाइसच असतीय. कट म्हंजे तिखट रस्सा परत मागून घ्यायचा, लाजायचं न्हाई. भाजीला सकाळी कपिलतीर्थ मार्केट नायतर लक्ष्मीपुरी. मॉलमधली कोथिंबीर बघून मला रडूच येतंय.

तिखटजाळ: चटणी विकत?? अहो मिरच्या घ्या, रंगाला ब्याडगी आणि तिखटाला संकेश्वरी किंवा लवंगी, त्यात कांदा, लसूण, खोबरं, तीळ, धने भाजून डंकावर कुटून आणायचं, आमच्या आईची वर्षाची चटणी उन्हाळ्यात अशीच होते आणि डंकावर नंबर लावून शिंका देत बसायचं काम माझं.

गूळवाला नाय: कोल्हापुरी गुळाला २०१४ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय पण पिवळाधमक, चकचकीत बघून भुलू नका. मी एकदा तसला आणला, चहा फाटला. आता जरा काळपट असतो तोच घेतो, दूध उकळून उतरवल्यावर घालायचा.

मूळ प्रश्नवाला: धन्यवाद मंडळी! डंक म्हणजे गिरणीच ना?

रंकाळाकर: न्हाई ओ, कांडप, मिरच्या-मसाला कुटायचं यंत्र. रविवारी रिकामं असाल तर पहाटे गंगावेशीत या, कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला. ग्लास संपल्यावर मिशी पुसायची 😄