कोंबडीखाद्याचे पेलेट (दाबून केलेल्या कांड्या) कडक हवेत म्हणून कंडिशनरचं (दळलेलं खाद्य वाफेने तापवणारं यंत्र) तापमान ९० डिग्री करावं का?

मुलुंडकर_ब्रॉयलर
नमस्कार मंडळी, राहतो मुलुंडला, शेड कर्जतच्या पुढे. फीड भिवंडीकडच्या एका छोट्या प्लांटवर जॉबवर्कने बनवून घेतो, मका-सोया, फॉर्म्युला आमचा. पाऊस लागल्यापासून फिनिशरमध्ये (शेवटच्या टप्प्यातलं खाद्य) चुरा फार येतोय. बॅग उघडली की वरवर पेलेट छान दिसतात पण फीडरच्या तळाला हात घाला, नुसता भुगा. पक्षी पेलेट वेचून खातात आणि भुगा तसाच ठेवतात, वर आपण नवीन फीड ओतत राहतो. वजन मागे पडलंय, एफसीआर (किलोभर वजन वाढायला लागणारं खाद्य) पण बिघडला. प्लांटवाला म्हणतो तापमान ७८ वरून ९० करू, पेलेट दगडासारखे येतील. करू दे का? फायटेज (धान्यातला फॉस्फरस मोकळा करणारं एन्झाइम) आहे फॉर्म्युल्यात, साधं, कोटिंगवालं नाही.

फीडमिल_तळोजा
दादा, फायटेज साधं असेल तर ९० चा विचार सोडा. कडक येतात हे खरंय, वाफेने स्टार्च थोडा शिजतो आणि सोयाचं प्रोटीन मऊ होऊन चिकटतं, पण त्याच उष्णतेत एन्झाइम जातं. आणि फायटेजच्या भरवशावर डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट, फॉस्फरससाठी घालतात ते) कमी केलेला असणार तुम्ही, मग फॉस्फरस कमी पडला की पक्षी पायावर बसायला लागतात. व्हिटॅमिन पण उतरतात, लायसिन साखरेला बांधलं जातं आणि लॅबच्या प्रोटीनच्या आकड्यात ते दिसतही नाही. म्हणजे पेलेट सुंदर आणि कोंबडी आहे तिथेच.

मुळात पावसात ९० गाठणंच कठीण. १ टक्का वाफ मिसळली की मॅश (दळलेलं खाद्य) साधारण १२-१४ डिग्री तापतो. मॅश ३० ला असेल तर ८२ पर्यंत जाताना ४ टक्के पाणी आत गेलं. मॅशचा ओलावा १२ असेल तर १६ होतो, चालतं. पण आत्ताचा मका ओला येतो, मॅश १४ चा धरा, ९० पर्यंत नेला तर १८ च्या वर जातो, रोलर घसरतात, डाय (भोकांचा साचा, ज्यातून रोलर मॅश दाबून पेलेट काढतात) चोक. मग ऑपरेटर वाफ कमी करतो, तापमान खाली येतं आणि त्याच बॅचमध्ये अर्धे पेलेट कच्चे. तुमचा चुरा बहुतेक इथूनच येतोय, ७८ मुळे नाही.

डॉक्टर_ताई_परळ
वरच्यांशी सहमत, फक्त एक जोडते. काही जण ९० चा आग्रह साल्मोनेला जंतू मारायला धरतात, ब्रीडर (पैदाशीच्या पक्ष्यांच्या) फीडला ते ठीक आहे, पण तिथे मॅश ८५ च्या आसपास काही मिनिटं धरून ठेवतात. साध्या कंडिशनरमध्ये माल अर्ध्या मिनिटात बाहेर येतो, त्यात नुसता आकडा वाढवून काय होणार? आणि पुढे कूलरमध्ये धूळ नि ओल साचलेली असेल तर जंतू परत लागतातच. तुमच्या पक्ष्यांचे पाय कसे आहेत? लंगडतायत का?

मुलुंडकर_ब्रॉयलर
नाही ताई, पाय ठीक आहेत. हो, डीसीपी कमी केलाय, तो फायटेजवरच आहे. पण मग प्लांटवर जाऊन बघू काय नक्की? तो माणूस मीटर दाखवतो आणि विषय संपवतो.

फीडमिल_तळोजा
मीटर बाजूला ठेवा. कंडिशनरच्या तोंडातून मूठभर मॅश घ्या (हात सांभाळा, चटका बसतो) आणि आवळा. मूठ उघडल्यावर गोळा टिकला पाहिजे आणि बोटाने दाबला की दोन तुकडे. पाणी हाताला लागलं तर वाफ ओली आहे, बॉयलरपासूनचा पाइप आवरणाशिवाय उघडा असेल नाहीतर स्टीम ट्रॅप (वाफेतलं पाणी बाहेर काढणारा व्हॉल्व्ह) अडकलेला. ओल्या वाफेत पाणी जातं पण उष्णता जात नाही, म्हणून तो बिचारा ९० ९० करतोय.

मग दळण बघा, मक्याचे जाड तुकडे दिसले तर पेलेट तिथूनच तडकतो, हॅमर मिलची जाळी फाटली आहे का विचारा. मिक्सरमध्ये तेल किती टाकता? २-३ टक्क्यांच्या वर गेलं की पेलेट पकड सोडतो, बाकीचं पेलेटिंगनंतर फवारायचं. आणि कूलरमधून माल गरम गरम बॅगेत भरला तर आपल्याकडच्या दमट हवेत बॅगेच्या आत पाणी सुटतं, पेलेट मऊ पडतो, वर बुरशी.

टेस्ट पण करून घ्या, ५०० ग्रॅम चाळलेले पेलेट, डब्यात ५० आरपीएमने १० मिनिटं फिरवून परत चाळायचे, उरले त्याची टक्केवारी. पण माझा जास्त विश्वास फीडरवर, शेडवरच्या फीडरमधला किलोभर माल चाळून वजन करा, बॅगेतला नको. कर्जतपर्यंतच्या खड्ड्यांनंतर जे उरतं तेच पक्षी खातो.

मुलुंडकर_ब्रॉयलर
तेल ४ टक्के, सगळं मिक्सरमध्येच 😅 फवारणीची सोय त्याच्याकडे नाही.

फीडमिल_तळोजा
मग आधी तेल २ वर आणा, एनर्जी कमी पडेल तेवढा फॉर्म्युला डॉक्टरांकडून बसवून घ्या. तापमान ८० च्या आतच ठेवा आणि ट्रॅप उघडून बघायला सांगा. डाय किती जुनी आहे तेही विचारा, भोकं घासून रुंद झाली असतील तर वाफ कितीही द्या, दाब बसतच नाही.