बीव्ही गोळ्यांनी जातं आणि परत येतं, आत नक्की कुठले जंतू काय करतायत?

रानजाई
नमस्कार मैत्रिणींनो, विषय नाजूक आहे पण घरात कुणाशी बोलता येत नाही म्हणून इथे विचारते. गेल्या वर्षापासून मला अंगावरून जातंय, पातळ, पांढरट करडं, खाज फारशी नाही पण वास येतो, मासळीसारखा, आणि पाळी संपली की किंवा संबंध आले की तो जास्तच जाणवतो. गायनॅक मॅडमनी स्वॅब घेतला, रिपोर्टमध्ये क्लू सेल्स दिसल्या आणि बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजेच बीव्ही, असं आलं. मेट्रोनिडाझोलचा कोर्स केला की एकदम बरं वाटतं आणि मग एखाद-दुसरी पाळी गेली की परत तेच. मॅडम चांगल्या आहेत पण ओपीडीत एवढी गर्दी असते की नीट विचारायला मिळतच नाही.

नेटवर वाचायला गेले तर कुणी गार्डनेरेला म्हणतं, कुणी प्रेव्होटेला, कुणी अजून काही. मग दोषी नक्की कोण? एकच जंतू असेल तर औषधाने तो मरायला हवा ना? आणि हे अस्वच्छतेमुळे होतं का? सासूबाई म्हणतात तुरटीच्या पाण्याने धू, नणंद म्हणते दही लाव, इंटिमेट वॉश तर मी रोज वापरतेच. कुणी नीट समजावेल का, बीएस्सी झालंय माझं त्यामुळे जरा खोलात सांगितलं तरी चालेल.

स्लाइडवाली
रानजाई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते कारण तेच मनाला जास्त खात असणार. अस्वच्छतेमुळे नाही होत हे. उलट आतून धुण्याने वाढतं, का ते खाली येईलच.

मी मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये काम करते, असे स्मिअर रोज बघते. निरोगी बाईच्या स्लाइडवर बहुतेक वेळा लांबट काड्यांसारखे लॅक्टोबॅसिलस भरपूर दिसतात, १८९२ मध्ये डोडरलाइन नावाच्या जर्मन डॉक्टरने त्यांचं वर्णन केलंय. इस्ट्रोजेनमुळे योनीच्या पेशींमध्ये ग्लायकोजेन साठतं, पेशी गळून पडल्या की त्याची साखर होते, ती हे लॅक्टोबॅसिलस खातात आणि लॅक्टिक अ‍ॅसिड बनवतात. त्यामुळे पीएच साधारण ४.५ च्या खाली राहतो आणि बाकीच्यांना तिथे हातपाय पसरता येत नाहीत. बीव्हीमध्ये हे लॅक्टोबॅसिलस कमी होतात आणि गार्डनेरेला, प्रेव्होटेला, फॅनीहेसिया (जुन्या पुस्तकात हिला अ‍ॅटोपोबियम म्हणायचे) अशी सगळी मंडळी एकदम वाढतात.

आता दोषी कोण. १९५५ मध्ये अमेरिकेत गार्डनर आणि ड्यूक्स या दोघांनी जाहीर केलं की आम्हाला या आजाराचा जंतू सापडला, तोच आजचा गार्डनेरेला. तो जंतू शुद्ध स्वरूपात वाढवून त्यांनी १३ निरोगी बायकांच्या योनीत सोडला तर आजार झाला फक्त एकीला. पण आजारी बाईचा स्त्राव जसाच्या तसा १५ जणींना दिला तेव्हा ११ जणींना झाला. निरोगी बायकांना मुद्दाम आजारी पाडणारा असा प्रयोग आज कुणी करू देणार नाही आणि देऊही नये, मला तर तो वाचतानाच राग येतो, पण त्यातले आकडे तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहेत. एकट्याचं काम नाही हे, त्या स्त्रावात जी टोळी होती तिचं आहे.

टोळी कशी चालते ते बघ. गार्डनेरेला पेशींना घट्ट चिकटतो आणि भोवती चिकट थर तयार करतो, बायोफिल्म म्हणतात त्याला, सकाळी दातांवर जो बुळबुळीत थर लागतो तोही बायोफिल्मच. तुझ्या रिपोर्टमधल्या क्लू सेल्स म्हणजे अशाच जंतूंनी कडेपर्यंत माखलेल्या पेशी. त्याच्याकडे व्हजायनोलायसिन नावाचं एक विष आहे, ते पेशींना भोकं पाडतं, आणि सायलिडेझ नावाचं एन्झाइम आहे, ते संरक्षण करणारा म्यूकस कुरतडतं. प्रेव्होटेलाकडेही सायलिडेझ असतं, म्हणजे म्यूकसवर दोन्हीकडून हल्ला. आणि मला सगळ्यात भारी वाटते ती पुढची गोष्ट, १९९७ मध्ये लॅबमध्ये दाखवलं गेलं की प्रेव्होटेला बिव्हिया जो अमोनिया सोडते तो गार्डनेरेलाला वाढायला उपयोगी पडतो आणि गार्डनेरेला वाढताना जी अमिनो अ‍ॅसिड्स बाहेर येतात ती प्रेव्होटेलाला. म्हणजे दोघं एकमेकांना पोसतात. त्या थरात ऑक्सिजन कमी असतो म्हणून प्रेव्होटेलासारख्या ऑक्सिजन न चालणाऱ्या जंतूंना तिथे आयती सोय होते.

वासाचं कारणही यातच आहे. हे अ‍ॅनारोब (म्हणजे ऑक्सिजन न चालणारे) जंतू अमाइन नावाची रसायनं बनवतात, ट्रायमिथाइलअमाइन, पुट्रेसीन वगैरे, ट्रायमिथाइलअमाइन तर शिळ्या मासळीतही असतं. पीएच वर गेला की ही रसायनं हवेत उडतात. रक्ताचा पीएच ७.४ आणि वीर्यही अल्कलाइन, म्हणून पाळीत आणि संबंधानंतर वास जास्त. लॅबमध्ये स्त्रावावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून वास घेतात ती टेस्ट याच तत्त्वावर आहे.

आणि परत का येतं? मेट्रोनिडाझोल अ‍ॅनारोब जंतूंवर चांगलं चालतं, लॅक्टोबॅसिलसला फारसा धक्का लावत नाही, म्हणून तर ते देतात. पण बायोफिल्म पूर्ण निघत नाही, आतले काही गार्डनेरेला वाचतात आणि फॅनीहेसियाच्या काही जातींना तर हे औषध नीट लागूच पडत नाही. त्यात कोर्सनंतर बऱ्याचदा जो लॅक्टोबॅसिलस आधी परततो तो आयनर्स. हा जरा कच्चा राखणदार, क्रिस्पेटस नावाचा दुसरा लॅक्टोबॅसिलस डी आणि एल अशा दोन्ही प्रकारचं लॅक्टिक अ‍ॅसिड बनवतो, आयनर्सला डी प्रकारचं बनवताच येत नाही. क्रिस्पेटस असलेलं वातावरण टिकतं, आयनर्सवालं पटकन बिघडतं. वर्षभरात निम्म्याहून जास्त जणींना बीव्ही परत होतं असं अभ्यासांत दिसलंय, त्यामुळे तू काहीतरी चुकीचं करतेयस असं कृपा करून समजू नकोस.

चैत्रपालवी
बाप रे किती छान समजावलंस. मला पण झालेलं, मी मेडिकलमधून कॅन्डिडाची गोळी आणून खाल्ली होती, काही फरक नाही पडला. आणि दह्याचं काय? दह्यात पण लॅक्टोबॅसिलसच असतात ना, मग आतून लावलं तर चांगलंच ना?

स्लाइडवाली
दह्यातले लॅक्टोबॅसिलस दुधात वाढणारे, योनीत टिकणारे क्रिस्पेटस, जेन्सेनाय वगैरे वेगळे. दही जेवणात भरपूर खा पण आत अजिबात लावू नका, त्यात बाकीचं काय काय असतं आणि घरच्या विरजणात तर अजूनच. योग्य जंतू योग्य जागी सोडायचे प्रयत्न मात्र खरोखर चालू आहेत. २०२० मध्ये अमेरिकेत एक ट्रायल झाली, मेट्रोनिडाझोल जेलनंतर क्रिस्पेटसची पावडर योनीत दिली, १२ आठवड्यांत बीव्ही परत आलं ३० टक्के जणींना आणि नुसती डमी पावडर मिळालेल्यांत ४५ टक्के. फरक आहे, पण जादू नाही. दुकानात प्रोबायोटिक म्हणून ज्या कॅप्सूल मिळतात त्या म्हणजे हे नव्हे.

तुरटी, डेटॉल, लसूण, काहीही आत नको. वॉशसुद्धा बाहेरून क्वचित, साधं पाणी पुरतं. लॅक्टोबॅसिलस आधीच कमी असताना आपण त्यांनाच धुऊन काढतो आणि थराला चिकटलेला गार्डनेरेला तिथेच राहतो.

कॅन्डिडा ही बुरशी आहे. त्यात खाज खूप, स्त्राव दह्याच्या गाठीसारखा, वास नसतो आणि पीएच सहसा नॉर्मलच राहतो, म्हणून ती गोळी बीव्हीला काहीच करत नाही. लक्षणांवरून अंदाज बांधू नका, स्लाइड करायला सांगा. ग्राम स्टेन करून (म्हणजे स्लाइड रंगवून) कुठले जंतू किती दिसतात त्यावरून न्यूजेंट स्कोअर काढतात, ० ते ३ नॉर्मल, ७ ते १० म्हणजे बीव्ही. स्वस्त टेस्ट आहे गं, तरी किती ठिकाणी होत नाही.

वैनगंगा
शेवटच्या वाक्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही. मी गडचिरोलीकडची, बरीच वर्षं आरोग्याच्या कामात आहे. आमच्याकडे डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली होती, १९८९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाले, त्यात योनीमार्गाचे इन्फेक्शन खूप, आणि आधी कधी तपासून घेतलेल्या बायका फक्त ८ टक्के. त्रास सगळ्यांना, पण पांढरं जाणं म्हणजे बाईच्या जातीला असायचंच असं धरून चाललेलं. कंबर दुखते, अशक्तपणा आहे एवढंच सांगतात, मूळ गोष्ट निघता निघत नाही.

सरकारी दवाखान्यात अंगावरून जाण्यासाठी हिरवं किट मिळतं, सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोल एकत्र, म्हणजे जंतू आणि बुरशी दोन्हीवर. जिथे मायक्रोस्कोप नाही तिथे ते लागतंच, त्याला नावं ठेवू नये. पण ज्या बाईचं परत परत येतंय तिला दरवेळी तेच किट देऊन घरी पाठवणं मला पटत नाही, तिची स्लाइड व्हायलाच पाहिजे. रानजाई ताई, तुम्ही विचारलंत ते फार बरं केलं, न बोलता वाचणाऱ्या खूप जणी असतील.

ओपीडीनंतर
गायनॅक रेसिडेंट आहे, ड्युटी संपवून लिहितेय. वरचं सगळं बरोबर, एक भर घालते जी अजून बऱ्याच ठिकाणी पोचलेली नाही. रानजाई, तुमच्या मिस्टरांना कधी औषध दिलंय का? आधी आम्हाला शिकवायचे की बीव्हीत पुरुषाला ट्रीट करून उपयोग नाही, कारण तोवरच्या ट्रायल्समध्ये पुरुषांना फक्त गोळ्याच दिल्या होत्या. पण हे जंतू लिंगाच्या त्वचेवर पण राहतात, तिथे गोळी पुरत नाही. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या टीमने बीव्ही असलेल्या बाईबरोबर तिच्या एकाच कायमच्या जोडीदाराला पण सात दिवस मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या आणि वरून लावायला २ टक्के क्लिंडामायसिन क्रीम दिलं. २०२५ मध्ये निकाल आला. १२ आठवड्यांत बीव्ही परत आलं, फक्त बाईला औषध दिलं तिथे ६३ टक्के आणि दोघांना दिलं तिथे ३५ टक्के. फरक एवढा स्पष्ट होता की ट्रायल मध्येच थांबवली. मला विचाराल तर तुमच्यासारख्या केसमध्ये याबद्दल मॅडमशी बोलायलाच हवं. स्वतःहून क्रीम आणू नका मात्र, डोस आणि अ‍ॅलर्जी बघावी लागते.

रानजाई
तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कुणी नीट सांगितलं. स्लाइडवाली, १९५५ चं वाचून अंगावर काटा आला, पण आता कळतंय की एकच गोळी का पुरत नाही. वॉश आजपासून बंद. फक्त मिस्टरांना कसं सांगू कळत नाही, त्यांना काहीच त्रास नाही, आणि 'तुमच्यामुळे होतंय' असं ऐकू येईल त्यांना. आणि आम्ही पुढच्या वर्षी बाळाचा विचार करतोय, त्याला काही अडचण येईल का?

ओपीडीनंतर
तुमच्यामुळे असं म्हणूच नका, ते खरंही नाही. जंतू दोघांच्यात ये-जा करतात, त्यांना लक्षणं दिसत नाहीत एवढंच, तेव्हा दोघांचा एकत्र कोर्स असं सांगा आणि शक्य असेल तर मॅडमकडे त्यांना सोबतच न्या, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की सोपं जातं. कोर्स संपेपर्यंत संबंध टाळा.

बाळाबद्दल, बीव्ही असताना दिवस राहिले तर वेळेआधी प्रसूती होण्याचा धोका थोडा वाढलेला दिसतो. घाबरू नका, बीव्ही असलेल्या बहुतेक बायकांची बाळंतपणं व्यवस्थित होतात, पण मॅडमना आधीच सांगून ठेवा की तुम्ही बाळाचा विचार करताय आणि हे परत परत होतंय. गरोदरपणात वास किंवा स्त्राव परत सुरू झाला तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवा, मेट्रोनिडाझोल गरोदरपणातही डॉक्टरच्या सल्ल्याने देता येतं. आणि आत्ता ताप, ओटीपोटात दुखणं किंवा मध्येच रक्त जाणं यातलं काही असेल तर ते फक्त बीव्ही समजू नका, लगेच जा.