शोमधला डेमो आणि घरचा टीव्ही

भावा, गेमच्या शोमध्ये निन्टेन्डोचं स्विच २ हे गेमिंग मशीन हातात घेतल्यावर गेम एकदम स्मूद पळतो आणि टीव्हीवरही तसाच पळणार, असं तू लिहिलंयस. तिथं फरक पडतो. हातातल्या ७.९ इंची स्क्रीनवर १०८०पी (चित्राची बारकाई), १२० हर्ट्झपर्यंत (सेकंदाला १२० वेळा बदलणारं चित्र) आणि व्हीआरआर (गेमच्या वेगाप्रमाणे स्क्रीनचा वेग जुळवणं) मिळतो. डॉकला, म्हणजे टीव्हीला जोडणाऱ्या स्टँडला, लावलं की ४के (सगळ्यात बारीक चित्र) फक्त ६० हर्ट्झपर्यंत. १२० पाहिजे तर १४४०पी किंवा १०८०पीवर उतरावं लागतं, आणि व्हीआरआर टीव्हीवर नाहीच.

घरी एचडीआर (उजेड-अंधार आणि रंग जास्त खुलून दिसणं) दिसत नसेल तर आधी डॉकची केबल लावलेल्या टीव्हीतल्या एचडीएमआय पोर्टचं सेटिंग बघ. बऱ्याच टीव्हीत ते आपणच चालू करावं लागतं. टीव्हीचा गेम मोडही लाव, नाहीतर बटण दाबल्यावर उशीर जाणवतो. डॉकला जुन्या स्विचचा अॅडाप्टर चालत नाही, सोबतचा ६० वॅटचाच लाव.

मेमरी कार्ड मायक्रोएसडी एक्सप्रेसच (नवीन, वेगवान प्रकार) लागतं! जुन्या साध्या मायक्रोएसडी कार्डावरून फक्त स्क्रीनशॉट आणि व्हिडिओ घेता येतात, गेम नाही.

कोल्हापूरच्या राजारामपुरीत कुणी जपानी मशीन स्वस्तात देत असेल तर पैसे देण्याआधी भाषा विचार. जपानपुरत्या स्वस्त मॉडेलमध्ये मेन्यू फक्त जपानी असतो आणि निन्टेन्डो अकाउंटही जपान रीजनचंच चालतं.