शिंगोन उपासना: दीक्षा न घेतलेल्या गृहस्थाने सुरुवात कोठून करावी?

नानिवा (प्रश्न):

नमस्कार. नोकरीनिमित्त मी ओसाका येथे राहतो. शिंगोन या जपानमधील गुह्य (तांत्रिक) बौद्ध पंथाचे केंद्र असलेला कोयासान पर्वत येथून फार लांब नसल्यामुळे तेथे अधूनमधून जाणे होते, आणि शुकुबोमध्ये, म्हणजे मंदिराच्या यात्रीनिवासात, मुक्काम केला की पहाटेच्या पाठाला बसण्याची संधीही मिळते. तेथील होम, बीजाक्षरे आणि मंत्र कानाला अगदीच परके वाटत नाहीत. मात्र या ओळखीमुळेच आपण काही गोष्टी चुकीच्या गृहीत धरू, अशी मला भीती वाटते. मला पुरोहित व्हायचे नाही. संसार सांभाळून नियमित उपासना करायची आहे. प्रज्ञापारमिता हृदयसूत्राचा पाठ मी सुरू केला आहे. यापुढे दीक्षेशिवाय काय करता येते आणि काय करू नये? मुद्रांची आणि विधींची चित्रे पुस्तकांत व इंटरनेटवर सहज मिळतात. ती पाहून शिकणे योग्य आहे का? शिवाय मंत्र जपानी उच्चाराने म्हणावेत की संस्कृतप्रमाणे?

पुणे-क्योतो:

मुद्रांच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत. मुद्रा चित्रे पाहून शिकू नयेत. शिंगोन साधनेत काया, वाणी आणि मन ही तीन गुह्ये एकाच वेळी चालतात: हाताची मुद्रा, मुखातील मंत्र आणि चित्तातील भावना. चित्रात यांपैकी फक्त पहिली दिसते. विधिग्रंथ छापलेले असले, तरी त्यांतील मोकळ्या जागा गुरूच्या मुखोपदेशानेच भरल्या जातात. शिंगोन पंथाचे संस्थापक कूकाई (७७४–८३५) ८०४ मध्ये चीनला गेले आणि त्यांनी चांगआन येथील छिंगलोंग मंदिरात हुइगुओ या आचार्यांकडून अभिषेक, म्हणजे दीक्षाविधी, घेतला, तोही याच कारणासाठी. महावैरोचन या शिंगोनच्या मुख्य बुद्धाच्या नावाचे महावैरोचन सूत्र नुसते वाचून त्यांचे समाधान झाले नव्हते. पुढे ८१३ मध्ये तेंदाई पंथाचे संस्थापक साइचो यांनी एका गुह्य भाष्याची प्रत मागितली, तेव्हा कूकाईंनी ती देण्यास नकार दिला. साइचो हे त्या काळातील अग्रगण्य विद्वान होते आणि वर्षभरापूर्वीच त्यांनी कूकाईंच्या हातून अभिषेक घेतला होता. विद्वत्तेवर शंका घेण्याचा येथे प्रश्नच नव्हता; ग्रंथ वाचणे आणि गुरूजवळ बसून साधना करणे यांतील अंतराचा प्रश्न होता. तेव्हा हा निर्बंध आपल्यासारख्या नवख्या माणसाचा अपमान करण्यासाठी आहे, असे समजू नये.

उरते ते थोडे नाही. ८१२ च्या डिसेंबरात ताकाओसान मंदिरात कूकाईंनी गर्भधातू मंडलाचा (शिंगोनच्या दोन मुख्य मंडलांपैकी एक; दुसरे वज्रधातू) अभिषेक केला, तेव्हा तो घेणाऱ्या १४५ जणांची यादी त्यांच्याच हस्ताक्षरात आजही उपलब्ध आहे, आणि त्या यादीत भिक्षू व श्रामणेर यांच्याबरोबर गृहस्थ उपासकही आहेत. गृहस्थांसाठी ही वाट मागाहून सोय म्हणून काढलेली नाही.

रोजचा पाठ, ज्याला गोंग्यो म्हणतात, तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यात पापदेशना (पापांची कबुली), त्रिशरण, दहा कुशल शिले, बोधिचित्ताचा मंत्र, समयमंत्र, हृदयसूत्र, प्रकाशमंत्र, कूकाईंचे नामस्मरण असलेला ‘नामु दाइशी हेन्जो कोन्गो’ हा जप आणि शेवटी पुण्यपरिणामना (मिळालेले पुण्य सर्वांना अर्पण करणे) असा क्रम असतो. आपल्याकडे हृदयसूत्र आहेच. त्याच्या आजूबाजूचे भाग हळूहळू जोडून घ्यावेत. मात्र दहा शिलांकडे केवळ प्रास्ताविक म्हणून पाहू नये. त्यांपैकी तीन कायेची, चार वाणीची आणि तीन मनाची आहेत. वाणीच्या चारांत असत्याबरोबर पोकळ व गुळमट बोलणे, कठोर बोलणे आणि दोन माणसांत फूट पाडणारे बोलणे टाळण्याचा समावेश होतो. कार्यालयात दिवस घालवणाऱ्या माणसाला यांतील शेवटची दोन पाळताना जो कस लागतो, तो कोणत्याही मुद्रेने लागणार नाही. अठराव्या शतकातील जिउन (१७१८–१८०४) या आचार्यांनी सामान्य लोकांना उपदेश करताना या दहा शिलांवरच भर दिला, आणि हेच जिउन संस्कृत व सिद्धम् लिपीचे जपानमधील मोठे अभ्यासक होते. ही शिले विधिपूर्वक घ्यायची असतील, तर कोयासानवरील दाइशी क्योकाई येथे जुकाई हा छोटा विधी होतो. अंधाऱ्या सभागृहात आचार्य शिले देतात आणि धर्म बदलल्याची कोणतीही घोषणा करावी लागत नाही.

ध्यानापुरते बोलायचे तर ‘अजिकान’, म्हणजे अकाराचे ध्यान, गृहस्थांना शिकवले जाते. आठ पाकळ्यांचे कमळ, त्यावर शुभ्र चंद्रबिंब आणि त्यात सिद्धम् लिपीतील ‘अ’ अशी प्रतिमा समोर ठेवतात. ‘अ’ हे महावैरोचनाचे बीज असून सर्व धर्म, म्हणजे सर्व वस्तू व घटना, मुळात अनुत्पन्न आहेत, हा त्याचा आशय आहे. प्रारंभी श्वास मोजणे, मग उच्छ्वासाबरोबर अकाराचा दीर्घ उच्चार, मग केवळ चंद्रबिंबाचे ध्यान आणि त्यानंतर संपूर्ण अजिकान, अशा पायऱ्या आहेत. पहिल्या दोन पायऱ्या घरी करण्यास हरकत नाही. पुढच्यांसाठी एकदा तरी गुरूजवळ बसावे. कोन्गोबुजी या मुख्य मंदिरात ठरावीक दिवशी अजिकानची सत्रे सर्वांसाठी असतात.

उच्चाराबाबत माझे मत स्पष्ट आहे: मंदिरात समूहाबरोबर मंदिराच्याच उच्चाराने म्हणावे. प्रकाशमंत्रातील ‘ओन अबोक्या बेइरोशानो’ ऐकताना आपल्याला ‘ॐ अमोघ वैरोचन’ सहज ओळखू येते. ते अर्थ लक्षात ठेवण्यासाठी उपयोगी आहे, पण शेजारी बसलेल्या आजींचा उच्चार सुधारण्यासाठी नाही.

दीक्षाभूमी परिसर:

प्रश्नकर्त्याच्या निमित्ताने माझी शंका मांडतो. मी नागपूरचा बौद्ध आहे. कोयासान विद्यापीठात २०१५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याचे अनावरण झाले, तेव्हापासून या पंथाविषयी मला कुतूहल आहे. तथापि वाचू लागल्यावर तेथे सरस्वती, महाकाल, वैश्रवण आणि गणपतीसुद्धा भेटतात, आणि वेदीवर अग्नीही पेटलेला दिसतो. १९५६ च्या धम्मदीक्षेतील बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या कुटुंबात वाढलेल्या माणसाने हे कसे समजून घ्यावे? ‘हा केवळ प्रतीकांचा खेळ आहे’ अशा गुळमुळीत उत्तराने माझे समाधान होणार नाही.

पुणे-क्योतो:

आपली शंका रास्त आहे, आणि प्रतीकांचे उत्तर अपुरे आहे हेही खरे. जपानमध्ये अनेक लोक या देवतांकडे प्रत्यक्ष मागणी घेऊन जातात, हे नाकारण्यात अर्थ नाही. कांगितेन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विनायकाची मूर्ती बहुधा झाकलेली असते आणि त्याची उपासना अधिकारी पुरोहितच करतात. तरीही नारा परिसरातील होझान्जी आणि तोक्योच्या असाकुसा भागातील मात्सुचियामा येथे व्यवसायाच्या यशासाठी येणारे भाविक कमी नाहीत. परंतु मंडलातील त्यांचे स्थान पाहावे. गर्भधातू मंडलाच्या मध्यभागी महावैरोचन आहे, आणि इंद्र, अग्नी, यम, विनायक हे सर्व अगदी बाहेरच्या आवरणात धर्माचे रक्षक म्हणून आहेत. वर दिलेल्या दैनंदिन पाठात यांपैकी एकाही देवाची प्रार्थना नाही. म्हणजे एखाद्या उपासकाने आयुष्यभर शिंगोन पाठ केला आणि कांगितेनच्या मंदिरात पाऊलही टाकले नाही, तरी त्याच्या उपासनेत काही उणे राहत नाही.

होमाविषयी महावैरोचन सूत्राची भूमिका अधिक रोचक आहे. त्यात वैदिक अग्नींची लांबलचक यादी देऊन, मग बौद्ध होम त्यांहून वेगळा ठरवला आहे. अग्नी म्हणजे प्रज्ञा, समिधा म्हणजे क्लेश, आणि कुंडाचे मुख, बुद्धाचे मुख व साधकाचे मुख एकच, अशी भावना करीत आचार्य आहुती देतात. ही भावना नसेल, तर लाकूड जाळण्यापलीकडे काही घडत नाही, असे परंपरा स्वतःच सांगते. गृहस्थाचा सहभाग समिधेवर नाव व इच्छा लिहून देण्यापुरता असतो, आणि तोही ऐच्छिक आहे. बावीस प्रतिज्ञांशी हे कितपत जुळते, याचा निर्णय आपणच करावा. माझ्या मते पाठ, शिले आणि अजिकान यांच्याशी संघर्ष येत नाही. इच्छापूर्तीसाठी समिधा वाहण्याशी मात्र येऊ शकतो.

पाथेय:

वरील उत्तरात एक गोष्ट राहिली. शिकोकु बेटावरील ८८ मंदिरांची परिक्रमा सुमारे १,२०० किलोमीटरची असून तिला कोणतीही दीक्षा लागत नाही. प्रत्येक ठिकाणी मुख्य मंदिरात आणि कूकाईंच्या मंदिरात पाठ म्हणायचा असतो, त्यामुळे प्रश्नकर्त्याचे गोंग्यो वाटेत आपोआप पक्के होईल. आपले लोक तिला जपानची वारी म्हणतात, पण येथे ठरलेली तिथी नसते आणि दिंडीही नसते; बहुतेक जण एकटे चालतात, आणि काठीच्या रूपाने कूकाई सोबत आहेत अशी श्रद्धा असते. सगळे एकदम चालण्याची सक्ती नाही, टप्प्याटप्प्यानेही परिक्रमा पुरी करता येते.

नानिवा:

सर्वांचे आभार. मुद्रांची पुस्तके बाजूला ठेवली आहेत. आता एकच शंका उरली आहे. केचिएन कांजो, म्हणजे सर्वांसाठी खुला असलेला अभिषेक, मेमध्ये गर्भधातूचा आणि ऑक्टोबरमध्ये वज्रधातूचा असतो, असे कळले. मला ऑक्टोबरमध्येच जमेल. आधी मेचा घेणे आवश्यक आहे का?

पुणे-क्योतो:

नाही, दोन्ही स्वतंत्र आहेत. ऑक्टोबरच्या पहिल्या तीन दिवसांत कोयासानच्या गारान परिसरातील कोन्दो सभागृहात वज्रधातूचा अभिषेक होतो. डोळे बांधून, बोटांत फूल धरून, ‘ओन सान्माया सातोबान’ म्हणत आपल्याला मंडलापर्यंत नेतात आणि ते फूल तेथे टाकायला सांगतात. हा संबंध जोडण्याचा अभिषेक आहे, अधिकाराचा नव्हे. त्यानंतरही विधी स्वतः करण्याची अनुज्ञा मिळत नाही. तेथे सांगितलेल्या गोष्टी बाहेर बोलू नयेत अशी अपेक्षा असते, म्हणून आत काय घडते याचे याहून अधिक वर्णन मी करीत नाही. हा सान्माया मंत्र, म्हणजे गोंग्योतील समयमंत्रच, आधी पाठ करून जावे, म्हणजे रांगेत गडबड होणार नाही. शुकुबोची खोली मात्र फार आधी राखून ठेवावी, कारण त्या दिवसांत डोंगरावर गर्दी असते.