वडिलांना आधार कार्डाचे फोटो समूहावर टाकण्यापासून कसे परावृत्त करावे?

नमस्कार. माझे वडील ७३ वर्षांचे आहेत. अष्टविनायक यात्रेच्या बसमध्ये जागा राखून ठेवताना त्यांनी स्वतःच्या आणि आईच्या आधार कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो दीडशे जणांच्या व्हॉट्सॲप समूहावर टाकले. ते काढून टाका, असे मी म्हणताच, "आपण काय चोऱ्या केल्यात का?" असे विचारून त्यांनी विषय संपवला.

गंमत अशी, की माझ्या सतरा वर्षांच्या मुलीने इन्स्टाग्रामवर फोटो टाकला की हेच बाबा दोन दिवस अबोला धरतात. वास्तविक तिचे खाते खासगी असून ते निवडक मैत्रिणींनाच दिसते. त्यांच्या लेखी खासगीपणा म्हणजे घरच्या मुलीचा चेहरा चव्हाट्यावर न येणे, तर तिच्या लेखी कोणी पाहायचे हे स्वतः ठरवता येणे.

खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकालही मी सांगून पाहिला, पण उपयोग झाला नाही. शेवटचे चारच अंक दिसणारे मास्क्ड आधार डाउनलोड करून दिले, तर आयोजकांनीच ते नाकारले.

आयोजकांकडच्या प्रती पुसून टाकण्याची लेखी विनंती कोणी केली आहे का, आणि तिचा मजकूर कसा असावा? आधारमधील बायोमेट्रिक (बोटांचे ठसे वगैरेंची नोंद) लॉक केल्यास रेशन दुकानात अंगठा लावण्यापूर्वी ते तात्पुरते उघडावे लागते. हे आपल्या घरातील ज्येष्ठांना जमते का? बाबांचा मान राखून हे कसे समजवावे, तेही कृपया सुचवावे.