पदवीधर जवानाला वेगळा पगार मागावा का? वेतन आयोगाच्या निवेदनासाठी मदत हवी आहे

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. आठव्या वेतन आयोगाला पाठवायचं एक निवेदन लिहून देण्याचं काम आमच्या तालुक्यातल्या माजी सैनिकांनी माझ्यावर सोपवलंय. मी सातारा जिल्ह्यात शिक्षिका आहे, सासरे सुबेदार म्हणून निवृत्त झालेत आणि मिस्टर सध्या पायदळात हवालदार आहेत. नोकरीत असलेल्या जवानाला संघटना करता येत नाही की जाहीर मागणी करता येत नाही, त्यामुळे अशी कामं निवृत्त मंडळीच करतात. न्यायमूर्ती रंजना देसाईंचा हा आयोग नोव्हेंबर २०२५ मध्ये नेमला गेला आणि त्याला अठरा महिन्यांची मुदत आहे. तेव्हा जे मांडायचं ते आत्ताच मांडायला हवं.

पेन्शन, दवाखाना, कॅन्टीन हे मुद्दे मी लिहून काढले. अडले ते एकाच वाक्यावर: "नोकरीत असताना पदवी मिळवणाऱ्या जवानास दरमहा स्वतंत्र वेतन द्यावे."

घरातच यावर दोन मतं आहेत. मिस्टर बारावीनंतर भरती झाले आणि नोकरी करत इग्नू या मुक्त विद्यापीठातून इतिहास घेऊन बी.ए. झाले. पुस्तकं ट्रंकेत, परीक्षा जून-डिसेंबरात, आणि नेमकी तेव्हाच पलटण हलायची. किती पेपर असे बुडाले ते मी जवळून पाहिलंय. पदवीचं प्रमाणपत्र आलं, पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे पलटणीच्या सेवानोंदीत, नोंद झाली आणि विषय तिथेच संपला. पगारपत्रकातला एक आकडाही बदलला नाही. त्यांची तक्रार नाही, पण मला ते लागलं.

अण्णांचं, म्हणजे सासऱ्यांचं, मत याच्या अगदी उलट आहे. ते म्हणतात, "पगार हुद्द्याचा असतो. एका मोर्चावर, म्हणजे लढाईच्या चौकीवर, दोन नायक आहेत, एक बी.ए. आणि दुसरा दहावी. ड्युटी तीच, धोका तोच. मग महिन्याला एकाला जास्त का?" यावर मला उत्तर देता आलेलं नाही.

मला तीन गोष्टी हव्या आहेत. असा काही पगार सैन्यात आधीपासून मिळतो का? ही मागणी न्याय्य आहे असं तुम्हाला वाटतं का? आणि असेल तर ती कशी मांडावी? सैन्यात काम केलेल्यांनी मोकळेपणाने लिहावं, अगदी विरोधातही.

निवृत्त बाबूसाहेब

जय हिंद ताई. मी हवालदार क्लार्क म्हणून निवृत्त झालो. पगाराचे कागद हेच माझं काम होतं, तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

सातव्या आयोगाच्या तक्त्यात शिपाई लेव्हल ३ ला सुरू होतो, मूळ पगार २१,७००. नायक लेव्हल ४, म्हणजे २५,५००. हवालदार लेव्हल ५, २९,२००. नायब सुबेदार लेव्हल ६, ३५,४००. त्यावर मिलिटरी सर्व्हिस पे ५,२००, तो शिपायापासून सुबेदार मेजरपर्यंत सगळ्यांना सारखाच. बढती मिळाली नाही तरी ८, १६ आणि २४ वर्षांनी एमएसीपी या योजनेने वरची लेव्हल मिळते. या सगळ्यात बी.ए., बी.कॉम. कुठेच येत नाही.

पण शिक्षणाला पैसा मिळतच नाही, हेही खरं नाही. जवानांचे एक्स गट (तांत्रिक किंवा खास पात्रतेची कामं) आणि वाय गट (बाकीची कामं) तुम्ही ऐकले असतील. एक्स गटातल्या ज्या जवानाकडे एआयसीटीई (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) मान्य डिप्लोमाच्या तोडीची तांत्रिक पात्रता आहे, त्याला महिन्याला ६,२०० एक्स पे मिळतो. गट एक्स आहे पण तशी पात्रता नाही, त्याला ३,६००. सहाव्या आयोगात हा पे सरसकट १,४०० होता. दुसरं उदाहरण आर्मी एज्युकेशन कोअरच्या हवालदाराचं. एम.ए., एम.एस्सी. किंवा बी.एड.सह पदवी असेल तर भरती एक्स गटात, नुसती पदवी असेल तर वाय गटात.

म्हणजे कागदाला पैसे दिल्याचा दाखला सैन्यातच आहे. फक्त तो कागद हातातल्या कामाला लागणारा असावा लागतो. तुमच्या सासऱ्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे दिसतं. रडार दुरुस्त करणाऱ्याचा डिप्लोमा रोज वापरात येतो. मोर्चावरच्या नायकाची बी.ए. त्या मोर्चावर वापरात येत नाही. माझ्या मते "पदवी" हा शब्द काढा आणि "कामाशी संबंधित पात्रता" असं लिहा.

मोर्चावरचा

वहिनी, मी पायदळात होतो आणि माझा या मागणीला ठाम विरोध आहे. कारण मात्र तुमच्या अण्णांपेक्षा वेगळं आहे.

शिकायला वेळ कुणाला मिळतो, ते आधी बघा. शांत ठिकाणी ऑफिसात बसणाऱ्याला संध्याकाळ मिळते, नेट मिळतं, परीक्षा केंद्र गावातच असतं. सियाचीनला किंवा नियंत्रण रेषेवर जो आहे त्याला यातलं काय मिळतं? तिथून खाली यायचं तर हवामान, हेलिकॉप्टर, बदली माणूस, सगळं जुळून यावं लागतं. पेपर मंगळवारी असेल आणि रस्ता बुधवारी उघडला तर त्याचे सहा महिने गेले. आमच्या कंपनीत एक पोरगा होता, फार हुशार, गणितात तर विशेष. फॉर्म भरायचा आणि पेपरला हजर राहू शकायचा नाही. शेवटी त्याने फॉर्म भरणंच सोडलं. तोच पोरगा गस्तीला सगळ्यात पुढे असायचा.

आता महिन्याला पदवीचे पैसे सुरू झाले तर ते कुणाला मिळतील? ज्याला शिकायची सवड होती त्याला. आणि जो सगळ्यात अवघड जागी उभा होता, तो मागे राहील. हे मला सहन होत नाही. उद्या फील्ड पोस्टिंग टाळून पीसमध्ये, म्हणजे शांत ठिकाणी, राहायला आणखी एक कारण मिळेल, आणि पलटणीत त्याचा फार वाईट परिणाम होतो.

मागायचंच असेल तर त्या पोराला पेपर देता येईल असं काहीतरी मागा.

निवृत्त बाबूसाहेब

मोर्चावरचा, तुमचं म्हणणं पटलं. क्लार्क असल्यामुळे मलाही ती सवड मिळाली होती, हे मान्य करतो.

ताई, एक राहिलं. केंद्राच्या नागरी कर्मचाऱ्यांना नोकरीत असताना नवी पात्रता मिळवली तर दरमहा नाही, एकरकमी पैसे मिळतात. २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे तीन वर्षांपर्यंतच्या पदवी किंवा डिप्लोमाला १०,०००, त्याहून मोठ्या कोर्सला १५,०००, एक वर्षापर्यंतच्या पदव्युत्तर कोर्सला २०,०००, त्यावरच्याला २५,००० आणि पीएच.डी.ला ३०,०००. निव्वळ शैक्षणिक किंवा साहित्यिक विषयाला मिळत नाहीत, शिक्षणाचा कामाशी थेट संबंध लागतो आणि अख्ख्या नोकरीत फार तर दोनदा. सैन्याच्या अधिकाऱ्यांनाही ठरावीक कोर्सेससाठी एकरकमी अनुदान आहे. निवेदनात या धर्तीवर मागितलं तर आयोगाला समोर नमुना मिळेल.

व्हर्जिनियाकर

माझा मुलगा अमेरिकेच्या आर्मीत सार्जंट आहे, म्हणून तिकडची माहिती देतो. हाच वाद तिथल्या सैनिकांतही चालतो. तिथेही पदवीला महिन्याचा वेगळा पगार नाही. पगाराचा तक्ता हुद्दा आणि नोकरीची वर्षं या दोनच गोष्टींवर चालतो.

पण पदवी इतर वाटांनी उपयोगी पडते. बॅचलर्स पदवी घेऊन भरती झालेला आर्मीत थेट स्पेशालिस्ट, म्हणजे ई-४ हुद्द्यावर सुरुवात करू शकतो. सार्जंट आणि स्टाफ सार्जंटच्या बढतीला गुण मोजतात, त्यात कॉलेजच्या शिक्षणाचेही गुण धरतात. नोकरीत असताना एका क्रेडिटमागे २५० डॉलरपर्यंत फी सैन्य भरतं, वर्षाला ठरलेल्या मर्यादेत. नोकरीनंतर जीआय बिल ही शिक्षणाची योजना आहेच, त्यात फी आणि राहण्याचा खर्चही मिळतो.

मुलाचं मत मी विचारलं. तो म्हणाला, पगारवाढीपेक्षा फी भरलेली बरी, कारण ज्याच्याकडे पदवी नाही त्यालाही ती वाट उघडी राहते.

पाटणचा थोरला

माझा धाकटा भाऊ अग्निवीर आहे. ताई, निवेदनात त्यांच्यासाठीही एक ओळ असू द्या. त्यांना ठरलेलं पॅकेज आहे, पहिल्या वर्षी महिना ३०,००० आणि चौथ्या वर्षी ४०,०००. चार वर्षांनी चारातल्या तिघांना घरी यायचंय. इग्नूने त्यांच्यासाठी तीन वर्षांची पदवी सुरू केली, निम्मी क्रेडिट्स सैन्यातल्या प्रशिक्षणाची धरतात. चांगली योजना आहे. पण उरलेल्या निम्म्याचा अभ्यास करायला वेळ कधी मिळणार, याची आम्हाला घरी सतत काळजी असते. त्याला वाढीव पगार मिळाला तरी चार वर्षांचाच. पदवी हातात घेऊन तो परत आला तर जन्माचं होईल.

जुना मराठा

राम राम. वयाने मोठा आहे म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. जवानाला शिक्षणाचं खरं फळ मिळायचं ते आर्मी कॅडेट कॉलेजातून. शिपाई परीक्षा देऊन तिथे जायचा, शिकून अधिकारी होऊन बाहेर पडायचा. हे कॉलेज १९७७ पर्यंत आपल्या पुण्यात होतं, नंतर डेहराडूनला गेलं. आजही बारावी झालेल्या तरुण जवानाला ती वाट आहे आणि पदवी तिथेच मिळते. आपल्या भागातली किती पोरं त्याची तयारी करतात? वय निघून जातं आणि मग कळतं. निवेदनाचा हा विषय नाही, पण तुमच्या संघटनेच्या बैठकीत जरूर काढा.

आणि निवृत्तीनंतरचं बघा. जवान चाळिशीच्या आसपास घरी येतो. दहावी पास आणि पंधरा वर्षं नोकरी झाली असेल तर केंद्राच्या गट क मधल्या पदवी लागणाऱ्या पदांना तो पात्र धरला जातो, तांत्रिक पदं सोडून. राज्यात गट क आणि ड मध्ये माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. पण खासगी नोकरीत किंवा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासात ज्याने खरंच शिक्षण घेतलंय तो वेगळा उठून दिसतो. तुमच्या मिस्टरांची बी.ए. वाया गेलेली नाही, हे त्यांना माझ्याकडून सांगा.

कृष्णाकाठची

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हा धागा मी अण्णांना वाचून दाखवला. मोर्चावरचा यांचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचायला लावला.

बाबूसाहेब, तुम्ही सांगितलेल्या निकषात मिस्टरांची इतिहासाची बी.ए. बसणार नाही. फोनवर त्यांना सांगितलं तर म्हणाले, "माझ्यासाठी लिहू नकोस, नंतर येणाऱ्यांसाठी लिही." तरी माझं मत सांगते. इतिहास शिकलेला हवालदार नव्या पोरांना रेजिमेंटचा वारसा समजावतो, त्यांचे अर्ज, पत्रं लिहून देतो, याला काहीच किंमत नाही असं मी मानणार नाही. मात्र दरमहा वेगळा पगार हे वाक्य मी काढलंय. त्याजागी हा मजकूर लिहिलाय:

"१. केंद्राच्या नागरी कर्मचाऱ्यांना उच्च पात्रतेसाठी मिळणाऱ्या एकरकमी प्रोत्साहनाच्या धर्तीवर जवान व जेसीओ (नायब सुबेदार ते सुबेदार मेजर) यांना लाभ द्यावा. कामाशी संबंध ठरवताना प्रशिक्षण, कार्यालयीन काम व लेखन यांचाही विचार व्हावा. २. मुक्त विद्यापीठातील शिक्षणाची फी शासनाने भरावी. ३. परीक्षेसाठी रजा द्यावी. ४. अग्निवीरांना पदवीच्या अभ्यासासाठी चौथ्या वर्षात राखीव वेळ द्यावा."

रविवारी बैठक आहे. त्याआधी काही चुकत असेल तर सांगा.

मोर्चावरचा

वहिनी, तिसरा मुद्दा बदला. रजा कागदावर आहेच, ती त्या तारखेला मिळत नाही ही अडचण आहे, आणि सीमेवर ती कुणी देऊही शकत नाही. असं लिहा: "ऑपरेशनल ड्युटीमुळे परीक्षा हुकल्यास युनिटच्या दाखल्यावर त्या परीक्षेची फी पुढील सत्रासाठी धरावी, नोंदणीची मुदत तेवढीच वाढवावी, आणि जिथे जवान असेल तिथल्या जवळच्या केंद्रावर परीक्षेची सोय व्हावी." शक्य असेल तर हा मुद्दा पहिल्या क्रमांकावर घ्या.