स्वस्त दिसलेलं विमानाचं तिकीट शेवटी महागच पडतं, सल्ला हवा आहे

अबोली_फुलं

नमस्कार मंडळी. आम्ही सहा जण विमानाने जाणार आहोत. सासू-सासरे, आम्ही दोघं, मुलगी ११ वर्षांची आणि मुलगा ६ वर्षांचा. मध्ये एका ठिकाणी विमान बदलायचं आहे. तिकिटं मी काढणार आहे, पण मागच्या अनुभवामुळे हात धजत नाही.

मागच्या वेळी यादीत सगळ्यात वर दिसलं ते तिकीट घेतलं (कंपनीचं नाव लिहीत नाही). मग जागा निवडायचे पैसे, सामानाच्या बॅगेचे पैसे, वर ‘सोय शुल्क’, तेही दर माणशी आणि जाता-येता दोन्ही वेळा. एवढं भरूनही बोर्डिंगच्या रांगेत सासूबाईंची पाठीवरची बॅग मापाच्या चौकटीत बसेना. पैसे भरा, नाहीतर बॅग नेता येणार नाही. सासूबाई सगळ्यांसमोर वाकून औषधं आणि शाल बाहेर काढत होत्या, मागे रांग खोळंबलेली. तिथे घेतलेले पैसे आधी घरून भरले असते त्याच्या दुपटीहून जास्त होते. पैसे गेले त्याचं वाईट वाटलंच, पण पुढे त्या विमानात पाणी मागायलाही कचरत होत्या, ते जास्त लागलं. यावेळी त्यांना तसं होऊ द्यायचं नाही.

माझे प्रश्न असे. पैसे भरायच्या आधी खरा आकडा कसा कळेल? सहा तिकिटं एकत्र काढावी की वेगवेगळी? जागेचे पैसे भरावेच लागतात का? थेट कंपनीकडून घ्यावं की स्वस्त दाखवणाऱ्या दुसऱ्या साइटवरून? सासऱ्यांची तब्येत नाजूक आहे, ऐन वेळी रद्द करावं लागलं तर किती परत मिळतं?

तिकीटखिडकी

अबोलीताई, मी बरीच वर्षं तिकीट काढून देण्याच्याच कामात होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एकत्र की वेगवेगळी, ते पाहू. आपल्याला एका केबिनमधल्या सगळ्या जागा सारख्या दिसतात, पण विकणाऱ्या यंत्रणेत त्यांचे वर्ग पाडलेले असतात. त्यांना वाय, बी, एम, के अशी अक्षरं असतात. प्रत्येक वर्गाचा भाव वेगळा आणि त्यात विकायला ठेवलेल्या जागा मोजक्या. समजा सर्वांत स्वस्त वर्गात चारच जागा उरल्यात आणि तुम्ही सहा मागितल्या, तर बहुतेक वेळा यंत्रणा चार स्वस्त आणि दोन महाग असं न करता सहाच्या सहा वरच्या भावाने दाखवते. म्हणून आधी एका माणसासाठी शोधा, मग दोन, तीन असं वाढवत जा. भाव ज्या आकड्याला उडी मारतो, तिथे स्वस्त वर्ग संपला.

हे काही आजचं नाही. अमेरिकेत १९७८ मध्ये भाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं. नव्या स्वस्त कंपन्यांशी टक्कर द्यायला १९८५ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने ठरावीक जागाच स्वस्तात विकायच्या आणि किती ते संगणकाने ठरवायचं, असं सुरू केलं. पुढे सगळ्यांनीच ते उचललं.

पण वेगळी तिकिटं काढलीत तर एक धोका आहे. विमान रद्द झालं तर यंत्रणा प्रत्येक पीएनआरला (म्हणजे बुकिंगच्या क्रमांकाला) स्वतंत्रपणे दुसरं विमान देते आणि कुटुंब दोन विमानांत विभागलं जाऊ शकतं. म्हणून फोडायचंच असेल तर तीन-तीन करा. एकात तुम्ही, सासूबाई आणि मुलगा, दुसऱ्यात यजमान, सासरे आणि मुलगी. मुलं आणि वडीलधारे एकटे राहतील अशी विभागणी करू नका. नंतर कंपनीला फोन करून दोन्ही पीएनआरवर एकमेकांची नोंद घालायला सांगा. फरक अगदी किरकोळ असेल तर सरळ एकत्रच काढा.

रानवाट

ब्राउझरच्या इन्कॉग्निटोमध्ये (जिथे आधी काय शोधलं याची नोंद राहत नाही) शोधा, नाहीतर परत परत बघितलं की भाव वाढवतात. माझ्या बाबतीत दोनदा झालंय.

तिकीटखिडकी

रानवाट, हे फार जण सांगतात, पण भाव वाढलेला दिसतो त्याचं कारण बहुधा तुम्ही नसता. मधल्या वेळात कोणीतरी त्या वर्गातली शेवटची जागा घेतलेली असते, किंवा शोधणाऱ्या साइटने आधी साठवून ठेवलेला जुना भाव दाखवलेला असतो आणि पैसे भरायला गेल्यावर ताजा येतो. इन्कॉग्निटोने नुकसान काही नाही, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

दोन_बॅगा

सासूबाईंचं वाचून वाईट वाटलं. बॅगेबद्दल मी लिहिते.

केबिन बॅगेचं सगळ्या कंपन्यांचं मिळून एक माप नाही. २०१५ मध्ये आयाटाने (विमान कंपन्यांची जागतिक संघटना) ५५ × ३५ × २० सेंटिमीटर असं एकच माप सुचवलं होतं, पण इतका विरोध झाला की थोड्याच दिवसांत ते बाजूला ठेवावं लागलं. त्यामुळे कंपनी ठरली की तिच्याच साइटवरचं माप घ्या आणि घरी मोजपट्टीने मोजा. चाकं, हँडल, बाहेरचा फुगलेला कप्पा सगळं मापात धरतात. दुकानात बॅगेवर ‘केबिन साइझ’ लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका. आणि रिकामी बॅग आधी वजन करून बघा. कित्येक कंपन्यांत केबिनमध्ये ७ किलोच चालतात, आणि चाकांची बॅग स्वतःच अडीच-तीन किलो भरते. सासूबाईंना मऊ कापडी पिशवी द्या, ती सीटखाली सहज जाते.

सर्वांत स्वस्त भाड्यात हल्ली बऱ्याचदा वरच्या कप्प्यातली बॅगही धरलेली नसते, फक्त सीटखाली मावेल एवढीच. मागच्या वेळी तुमचं तेच झालं असणार.

सामानाची बॅग लागणारच असेल तर तिकीट काढतानाच तिचे पैसे भरा. तोच भाव सहसा सर्वांत कमी असतो, नंतर वाढत जातो, काउंटरवर आणखी, आणि बोर्डिंगच्या दारात सर्वांत जास्त. मोजणी नगावर आहे की किलोवर तेही बघा. किलोवर असेल आणि सगळे एका पीएनआरवर असाल तर काही कंपन्या सगळ्यांचं वजन एकत्र धरतात. म्हणजे तीन-तीन फोडल्यावर तो फायदा कमी होतो, तेवढा हिशोब तिकीटखिडकी यांच्या सल्ल्यात धरा.

आणखी एक, कधीही विसरू नका. दारात बॅग काढून घेऊन खाली सामानात टाकायची वेळ आलीच, तर पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या आधी बाहेर काढा, त्या सामानात चालत नाहीत. औषधं आणि कागदपत्रं पहिल्यापासूनच वेगळ्या छोट्या पिशवीत अंगाशी ठेवा. सासूबाईंना मग रांगेत बॅग उघडावी लागणार नाही.

खिडकीपाशी

जागेचे पैसे मी कधीच भरत नाही. चेक-इन उघडलं की मिळेल ती घ्यायची, कुठेतरी बसवतातच.

दोन_बॅगा

एकट्या माणसाचं ठीक आहे. सहा वर्षांचं मूल चार रांगा पुढे अनोळखी माणसाशेजारी आलं तर काय करणार? विमानात चढल्यावर लोकांना जागा बदलायची विनवणी करणं फार त्रासाचं असतं, आणि पैसे देऊन जागा घेतलेल्याने का उठावं? काही ठिकाणी लहान मुलाला मोठ्याशेजारी फुकट जागा द्यावी लागते, काही कंपन्या आपणहून देतात, तर काही देत नाहीत. तेवढं आधी वाचा. देत नसतील तर मुलगा आणि त्याच्याबरोबरचं माणूस या दोघांचेच पैसे भरा, बाकी चौघांचे वाचवा.

खिडकीपाशी

हे पटलं. मी एकटाच फिरतो, त्यामुळे तसा विचार केला नव्हता.

सासऱ्यांसाठी मात्र एक नक्की करा. व्हीलचेअर मदत मागून ठेवा. युरोपात आणि अमेरिकेत कंपनी त्याचे पैसे घेऊ शकत नाही. निदान ४८ तास आधी नोंद करायची. विमान बदलताना लांबच लांब चालावं लागतं, ते वाचतं. माझ्या आईला आधी संकोच वाटत होता, आता ती स्वतःच आठवण करते.

सांजवारा

साइटबद्दल. दोन टक्के वाचवायला मी त्रयस्थ साइटवरून तिकीट घेतलं. कंपनीने वेळ बदलली आणि पुढचं विमान चुकणार हे दिसू लागलं. कंपनीला फोन केला तर म्हणाले, तिकीट एजंटचं आहे, तेच बदलतील. एजंट म्हणाला, कंपनीने परवानगी दिली पाहिजे. चार महिने मी मधल्या मध्ये. पैसे मिळाले, पण एजंटने स्वतःचं शुल्क कापून. त्यानंतर मी शोधतो तिथे, घेतो थेट कंपनीकडून. तुमच्याबरोबर मुलं आणि वडीलधारे आहेत, तुम्हीही तसंच करा.

त्रयस्थ साइटवरून घेतलंतच तर त्याच दिवशी दोन गोष्टी बघा. सहा अक्षरांचा कंपनीचा पीएनआर (एजंटचा बुकिंग क्रमांक वेगळा असतो) आणि १३ अंकी तिकीट क्रमांक. पीएनआर आहे पण तिकीट क्रमांक नाही, याचा अर्थ जागा धरलीय, तिकीट अजून निघालेलं नाही.

आणि ताई, विमान बदलायचं आहे म्हणता, तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी घेतलीत आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. सामानही बहुधा मध्ये घेऊन पुन्हा द्यावं लागतं. एकाच तिकिटावर असेल तर पुढे पोहोचवायची जबाबदारी कंपनीची. मात्र एकत्र तिकिटातला पहिला टप्पा सोडून मधूनच चढू नका, पुढचे सगळे टप्पे आपोआप रद्द होतात.

अबोली_फुलं

किती मनापासून लिहिताय सगळे! रद्द करण्याचं कोणी सांगेल का? एका तिकिटावर ‘बदल शुल्क नाही’ असं आहे आणि ते थोडंच महाग आहे. तेच घेऊ का?

तिकीटखिडकी

थांबा, ‘बदल शुल्क नाही’ म्हणजे पैसे परत नव्हे. तारीख बदलाल त्या दिवशीचं भाडं जास्त असेल तर वरचा फरक भरावाच लागतो, आणि आयत्या वेळी तो भरपूर असतो. पैसे परत हवे असतील तर भाड्याच्या नियमांत ‘रिफंडेबल’ असं स्पष्ट हवं. सहाही जणांना तसं घ्यायची गरज नाही. सासू-सासऱ्यांपुरतं घेऊन बघा, दोघांचा वेगळा पीएनआर न करता जमतं का ते कंपनीला विचारा. प्रवास विमा घेणार असाल तर सासऱ्यांचा आजार आधी लेखी कळवा, लपवलेला आजार निघाला की दावा नाकारतात.

परत न मिळणाऱ्या तिकिटातही बऱ्याच ठिकाणी सरकारी कर आणि विमानतळाचे आकार परत मागता येतात, कारण तुम्ही उडालाच नाहीत. मात्र ते आपणहून क्वचितच देतात, अर्ज करावा लागतो. तिकिटाच्या तपशिलात कर म्हणून जे दिसतं त्यात वायक्यू किंवा वायआर असा आकडा दिसला तर तो सरकारचा कर नाही. तो कंपनीचाच अधिभार, इंधनाच्या नावाने सुरू झालेला, आणि तो बहुधा भाड्याबरोबरच बुडतो. मला ही मांडणी कायम खटकत आली आहे. प्रवाशाला वाटतं सरकारने घेतले.

कंपनीनेच विमान रद्द केलं तर गोष्ट वेगळी. तेव्हा व्हाउचर घ्यायची सक्ती नसते, अमेरिकेत आणि युरोपात पैसे मागायचा हक्क आहे. युरोपातून निघणाऱ्या विमानांना २००५ पासून भरपाईचा नियम लागू आहे. कंपनीच्या चुकीने ३ तास किंवा जास्त उशिरा पोहोचलात तर अंतराप्रमाणे २५० ते ६०० युरो. वादळ वगैरे कारण असेल तर भरपाई नाही, पण जेवणखाण आणि राहायची सोय तरीही करावी लागते. तुमचा मार्ग ज्या देशांतून जातो तिथले नियम प्रवासाआधी वाचून फोनमध्ये ठेवा.

दोन_बॅगा

सामान हरवलं तर हेही लिहून ठेवा. आंतरराष्ट्रीय प्रवासाला बहुतेक ठिकाणी १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो. बॅग आली नाही तर विमानतळ सोडायच्या आधी पीआयआर, म्हणजे सामानाच्या तक्रारीचा फॉर्म भरा आणि प्रत घ्या. बॅग फुटली असेल तर ७ दिवसांत लेखी तक्रार, उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत. २१ दिवसांत आलीच नाही तर हरवली असं धरून मागणी करता येते. मधल्या काळात घेतलेल्या कपड्यांच्या पावत्या जपा. भरपाईची मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून दर माणशी १,५१९ एसडीआर आहे (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक). म्हणून दागिने आणि महागड्या वस्तू सामानात नकोतच.

अबोली_फुलं

काल रात्री बसून तीन कंपन्यांचा हिशोब मांडला. भाडं, तीन बॅगा, दोन जागा, सोय शुल्क, सगळं जाऊन-येऊन. पैसे भरायच्या आधीच्या शेवटच्या पानापर्यंत जाऊन आकडे उतरवले. यादीत पहिली दिसणारी कंपनी तिसऱ्या नंबरला गेली! जी मी महाग म्हणून उघडतही नव्हते, तिच्या भाड्यात सामानाची बॅग आणि केबिन बॅग दोन्ही आहेत, ती सगळ्यांत स्वस्त पडली. चार जणांनंतर भाव उडी मारत होता, म्हणून तीन-तीन काढलीत. एकाच तिकिटावर दोन्ही टप्पे, थेट कंपनीकडून. त्यांच्याकडे लहान मुलाची शेजारची जागा फुकट निघाली. सासऱ्यांसाठी व्हीलचेअर नोंदवली. सासूबाईंना कापडी पिशवी आणली, त्यांनी स्वतः मोजपट्टी लावून बघितली.

सांजवारा

छान केलंत. आता नावं तपासा. पासपोर्टवर आहेत तशीच स्पेलिंग हवीत. चूक असेल तर आजच कळवा. पहिल्या २४ तासांत बऱ्याच कंपन्या फुकट सुधारतात, नंतर पैसे लागतात, आणि काही ठिकाणी नवीन तिकीटच काढायला लावतात.

अबोली_फुलं

सासूबाईंचं नाव पासपोर्टवर लग्नाआधीचं आहे! तिकिटावर मी आताचं टाकलंय. लगेच फोन लावते.